तेरा तेरा फ्लॉप

शनिवारी छावणीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात माझी फजिती झाली... आता झाली तर झाली, सांगायला लाज कशाची? मी बोलतेय, नात टाइप करतेय. मला अक्षर येत नाय, पण बोलायला कुठं अक्षर लागतं.

नात म्हणजे ऋतू. कॉम्प्युटरवर चित्रं हलवायचं शिकलीये. पुण्याच्या एका कंपनीनं तिला सांगितलं, मेंढरांचा कळप डोंगर उतरतो एवढं सोमवारपर्यंत करून दाखव. तुझ्या मशीनवर जमलं तर घरूनच काम कर, नाय तर पुण्याला येऊन आमच्या मशीनवर बस.

तिला आमचं हर्सूल सोडायचं नव्हतं. इथंच दोन मैत्रिणींना हाताशी धरून काम वाढवायचं तिच्या मनात होतं. आणि खरं सांगू का, मलाही ती जायला नको होती... ती गेली तर तुम्ही लोक माझ्या पोस्टखाली काय काय लिहिता ते मला वाचून कोण दाखवणार?

अडचण लोकरीची होती. आम्ही वैजापूरकडं आयुष्यभर मेंढरं राखली, पण लोकर आपली कातरली आणि मोकळे झालो. हिला मात्र मेंढराचा एकेक केस वेगळा उभा करायचा होता. दोन-चार मेंढरं असली की तिचं मशीन गुमान चालायचं, कळप आला की फतकल मारून बसायचं.

मग कळलं की नवं ग्राफिक्स कार्ड लागतंय. कार्ड म्हणे! मला वाटलं रेशनकार्डाएवढं असेल, ते निघालं विटेएवढं.

माझा लेक दत्ता, म्हणजे ऋतूचा बाप, फोनवर दोन कार्डांची माहिती शेजारी शेजारी लावून बसला. लग्नाची स्थळं बघावीत तशी... लांबी किती, पंखे किती, वीज किती खातं, मेमरी किती. पैसे त्याचे, त्यामुळं मतही त्याचंच.

एक कार्ड नवं होतं, दुसरं जरा जुनं. मी लसूण सोलत बसले होते आणि दत्ता मोठ्यानं वाचत होता... नव्याचे पंधरा टेराफ्लॉप, जुन्याचे तेरा टेराफ्लॉप. मला ऐकू आलं "तेरा तेरा फ्लॉप". म्हटलं, बाबा, आधीच तीन तेरा, त्यात फ्लॉप, असलं अवलक्षणी घरात कशाला आणतोस?

दोघं बापलेक पोट धरून हसले. मग दत्तानं समजावलं की फ्लॉप जितके जास्त तितकं कार्ड भारी. आमच्या वेळी फ्लॉप पिक्चर शुक्रवारी उतरायचा, आता फ्लॉप मोजून किंमत ठरते... जमाना बदललाय, आपण कशाला आडवं यायचं? मी लगेच पंधराच्या बाजूनं झाले.

ऋतू सारखं सांगत होती, ते आकडे कागदावरचे आहेत, सगळं जागच्या जागी असलं तर एवढं पळेल असा नुसता हिशेब आहे. माझ्या कामाला मेमरी बघा, पंधरावाल्याची आठ आहे, तेरावाल्याची बारा. बाप म्हणाला, नवं ते नवं.

मग ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आजी, मेमरी म्हणजे वाघर गं. कुत्रं कितीही पळणारं असू दे, वाघरच लहान असली तर मेंढरं बाहेरच राहणार ना?"

वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी. माझ्या हातानं मी ती किती वेळा गुंफली असेल... आणि ही कालची पोरगी मला वाघर शिकवतेय! मी म्हटलं, तू लसूण सोल.

दुकान शकीलभाईंचं, दत्ताच्या ओळखीचं. ऋतूनं तिची मेंढरं पेन ड्राइव्हमध्ये भरून नेली होती. दोन्ही कार्डांवर चालवून बघते, मगच घेऊ, म्हणाली. शकीलभाई भला माणूस, लगेच तयार झाले.

आधी पंधरावालं. तीन पंखे, रंगीबेरंगी लाइट, अगदी वरातीतल्या घोड्यासारखं. दोन-चार मेंढरं त्यानं झपकन उभी केली. दत्तानं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या, आणि मी रुबाबात शकीलभाईंना सांगून टाकलं, हेच बांधून द्या.

ऋतूनं फक्त पूर्ण कळप सोडला... आणि स्क्रीन काळी झाली. त्यावर एक ओळ आली. मी विचारलं काय लिहिलंय, तर दत्ता खाली मान घालून म्हणाला, मेमरी संपली.

शकीलभाई गालात हसले. "अम्मा, कागज पे तो हर घोडा अरबी रहता."

मग तेरावालं लावलं. लाइट नाय, डौल नाय, चाल सावकाश. चहा आला, गार झाला... पण स्क्रीनवर चित्राचा एकेक चौकोन भरत गेला. डोंगर आला, ऊन आलं, आणि त्या उन्हात लोकरीचा केस न् केस चमकवत अख्खा कळप खाली उतरला. एक मेंढरू बाहेर राहिलं नाय.

मी ऋतूच्या पाठीवर हात ठेवला आणि एवढंच म्हटलं, "पुरली गं वाघर."

रविवारी रात्री तिनं कळप पुण्याला पाठवला. काल निरोप आला, घरूनच काम करायचं. आता ते तेरा तेरा फ्लॉप आमच्या मधल्या खोलीत घुमत बसलंय, आणि मी जाता-येता त्याला मान देते.

तुमच्या घरातलं कुणी लेकरू तुम्हाला तुमच्याच बोलीत काही समजावून सांगत असेल, तर बाबांनो, त्याला लसूण सोलायला लावू नका... आधी ऐकून घ्या.

हे वाक्य लिहून झाल्यावर ऋतूनं मला दोनदा वाचून दाखवलं, चांगलं मोठ्यानं. मला तर पहिल्यांदाच ऐकू आलं होतं... पण तिचा बाप बाहेरच्या खोलीत होता.