गच्चीवरची दोरी

विमलताई गेल्याचं मला फ्लेक्सवरून कळलं. आठवडाभर मुलीकडे होतो. परत आलो तर अंबडच्या आमच्या चौकात, ताईंच्याच मेडिकलच्या गच्चीवर उभारलेला भलामोठा फ्लेक्स : वर 'आरोग्यदूत हरपल्या', मध्ये ताईंचा फोटो आणि खाली हात जोडून उभा असलेला एक शोकाकुल इसम. ताईंनी त्याला इतकी वर्षं दुकानाची पायरी चढू दिली नव्हती. तो गजकर्णावरच्या एका ट्यूबचा वितरक. कोपऱ्यात ट्यूबचंही चित्र होतं... मेलेलं माणूस हरकत घेत नाही, हीच आपल्याकडच्या श्रद्धांजलीची मोठी सोय.

ती ट्यूब मागायलाच मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो होतो. तेव्हा मी कारखान्यात कारकून होतो. मांडीच्या सांध्यात गजकर्ण झालेलं. दुकान रिकामं बघून मी हळूच चिठ्ठी पुढे केली. ताईंनी ती वाचून परत दिली.

"ही मिळणार नाही."

"संपली का?"

"ठेवतच नाही. हिच्यात स्टेरॉइड आहे. दोन दिवसांत खाज थांबते, तुम्ही खूश, आणि बुरशी पसरतच राहते. मग साध्या औषधालाही दाद देत नाही. आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. आणि भाऊ, चड्डी कुठे वाळत घालता?"

एव्हाना मागे दोन बायका येऊन उभ्या होत्या. मी आयुष्यात पुस्तकं बरी वाचली आहेत, पण या प्रश्नाचं सभ्य उत्तर कुठे सापडलं नव्हतं. "टॉवेलखाली," मी पुटपुटलो.

"म्हणजे रोज दमटच घालता. लाज टॉवेलला वाटू द्या, चड्डीला ऊन लागू द्या."

मी डॉक्टरांकडे गेलो, मलम लावलं आणि खाज थांबल्याबरोबर शहाण्यासारखं बंद केलं. महिन्याभरात गजकर्ण परत आलं, या वेळी बायकोलाही घेऊन. ताई ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "खाज गेली म्हणजे बुरशी गेली, असं बुरशीने तुम्हाला येऊन सांगितलं का? डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध. वहिनींनाही दाखवा. टॉवेल दोघांचे वेगळे."

मागच्या गल्लीत पाळीवाल्या कामगारांच्या खोल्या होत्या. तिथे एक जण ड्युटीवर निघाला की दुसरा त्याच गादीवर, त्याच चादरीत झोपे. गादी कधी थंड व्हायची नाही. "ताई, एका ट्यूबमध्ये आमची अख्खी खोली भागते," त्यांतला एक जण कौतुकाने म्हणाला होता. ताईंनी सगळ्यांना रांगेने डॉक्टरांकडे धाडलं, चादरी वेगळ्या करायला लावल्या, बुटांतले ओले मोजे रोज बदलायला लावले आणि कपडे वाळवायला आपल्या गच्चीवर, रस्त्याच्या बाजूला, दोरी बांधून दिली. स्वतःचेही कपडे त्या तिथेच वाळत घालत. आतले, बाहेरचे, सगळे. शेजारचे एक सभ्य गृहस्थ तक्रार घेऊन आले, की चौकातून दिसतं, शोभत नाही. "तोरण नाही बांधलेलं, भाऊ," ताई म्हणाल्या, "औषध आहे ते."

समोरचं दुकान ट्यूब मागेल त्याला द्यायचं. ताईंची गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून तिकडे जात आणि वर्षभराने छातीपर्यंत चट्टे घेऊन परत येत. ताई पुन्हा तोच प्रश्न विचारत.

शोकसभेत वितरकाने 'ताईंचं कार्य पुढे नेऊ' असं सांगितलं आणि जाताना दुकानाच्या काउंटरवर ट्यूबचा एक खोका ठेवला. ताईंची मुलगी मनीषा काहीच बोलली नाही. आता दुकान तीच बघणार होती. मला गप्प बसणाऱ्यांचा अनुभव आहे, मीही त्यांतलाच. ताई दुसऱ्यांदा गेल्या, असं मनातल्या मनात म्हणत मी घरी आलो.

परवा तिकडून जात होतो, तर फ्लेक्स गायब. मनीषाला विचारलं.

"दोरीवर ऊन येत नव्हतं, काका. आईचा फोटो कापून घेतला आणि बाकीचा मागच्या गल्लीतल्या कामगार पोरांच्या खोलीवर घातला. पत्रा गळत होता, गाद्या ओल्या व्हायच्या."

"आणि तो खोका?"

"त्याच दिवशी परत." मग माझ्यामागे चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाकडे वळून ती म्हणाली, "ही मिळणार नाही. कपडे कुठे वाळत घालता?"

तो बिचारा इकडेतिकडे बघू लागला. मी बाहेर येऊन वर पाहिलं. भर दुपारी, चौकाकडे तोंड करून, कशाखालीही न लपवलेल्या चड्ड्या दोरीवर फडफडत होत्या.