समोरून उतरणारे काका

गुडघा बदलल्यावर मी शंकर नगरच्या फिजिओथेरपीत जाऊ लागलो. शेजारच्या व्यायामाच्या सायकलवर उरला औद्योगिक भागातल्या कारखान्यातून रिटायर झालेले एक काका असत. सायकल जागची हलत नसली, तरी बसण्याआधी गमछ्यानं सीट झटकत. उतरताना नवा गुडघा हातांनी उचलून, कण्हत, समोरच्या दांडीवरूनच पाय काढत.

"बाबूजी, पीछे से उतरिए, दर्द कम होगा," फिजिओवाली पोरगी रोज सांगे.

काका माझ्याकडे बघत. "जन्मभर मांगं कॅरियरवर बायको बसली. लात लागन ना तिले!"

बाकावर डबा घेऊन बसलेल्या काकू पदराआड हसत.

मागच्या महिन्यात काकू गेल्या. तेरवीनंतर काका परत आले. सीट झटकलीच नाही. आज पाय मागून टाकून सहज उतरले.

"बहुत बढ़िया, बाबूजी!" पोरीनं टाळ्या वाजवल्या.