तेरावी पट्टी

१४ मार्च १९९८, शनिवार. रक्कम सहाशे रुपये. हजर: मी, माझी बायको आणि जरीवर सोन्याचा मुलामा चढवणारा नवागामचा कारागीर. काम: तांब्याच्या बारा पातळ पट्ट्या, एकाच बाजूला मुलामा, पट्टीमागे पन्नास.

मी सुरतेच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. वय सेहेचाळीस. सोन्यावर डीएनएचे धागे एका टोकाने चिकटवले की त्यांचा दाट थर बसतो. तो थर पट्टीला ओढतो आणि पट्टी किंचित वाकते. ते वाकणं मोजायचं आणि त्यावरून थराच्या ताठपणाचं गणित मांडायचं, हा माझा पीएच.डी.चा विषय होता. मुदत एकदा वाढवून मिळाली होती. जून १९९८ नंतर ती मिळणार नव्हती.

डीएनए लावलेली पट्टी मिठाच्या पाण्यात टांगायची. तिच्यावरून परतलेला दिव्याचा किरण समोरच्या आलेखाच्या कागदावर पडे. बारा दिवसांत ठिपका सहा मिलिमीटर सरकला. बाराही पट्ट्यांचं तेच. तुलनेला बिनमुलाम्याचं तांबं ठेवलं होतं, ते हललं नाही. गणित जुळलं. प्रबंध टाइप करायला दिला.

मेच्या अखेरीस आलेख दाखवायला कारागिराकडे गेलो. त्याने तो बराच वेळ पाहिला.

“सर, नवा मुलामा ओढतोच. आम्ही माल पंधरा दिवस टांगून ठेवतो. तुम्ही घाईनं नेला.”

ही ओढ डीएनएची आहे, असं मी त्याला समजावलं.

“पट्टी वाकली की शाबासकी तुमच्या डीएनएला. नुसतं सोनं टांगून बघितलं का?”

बघितलं नव्हतं. एका पट्टीचे पन्नास रुपये वाचवले होते.

त्याने तेरावी करून दिली. तिला डीएनए लावला नाही. बाराव्या दिवशी ठिपका सहा मिलिमीटरवर होता. वजाबाकी करून जे उरलं, ते माझ्या मोजण्यातल्या चुकीपेक्षाही कमी होतं.

गाइड म्हणाले, “प्रबंध देऊन टाका. नुसतं सोनं कोण टांगून बघणार आहे?”

मी दिला नाही. नव्या पट्ट्या जुन्या होईपर्यंत थांबायला दिवस नव्हते. जून संपला. बायकोने टाइप केलेले कागद घरी आणले आणि कुठे ठेवू म्हणून विचारलं.

कारागीर तेराव्या पट्टीचे पैसे घेत नव्हता. काम चोख होतं. पन्नास रुपये त्याच्या हातात दिले.