सुमनच्या नावाची खोली

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. ज्या एका माणसापाशी बोललो असतो ती माझी बायको, सुमन — आणि ही गोष्ट ती गेल्यानंतरची. तेव्हा आता तुम्हीच. जरा सैल बसा, कारण मी हे एका दमात लिहीन असं वाटत नाही.

आधी एक सांगून टाकतो. मी दुःखी माणूस नाही. वय चौऱ्याहत्तर, सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात नोकरी झाली, पेन्शन वेळेवर येतं, गुडघे अजून माझं ऐकतात. आम्हांला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे एकटा आहे, पण एकटेपणाची तक्रार करण्याइतका वेळ मला मंडळ देत नाही. आणि मंडळात मला मान आहे. त्या मानापाशीच यायचंय आपल्याला — पण हळूहळू येऊ.

मंडळ म्हणजे हैदराबादेतल्या मराठी माणसांचं. नाव कशाला हवं? जामबागेजवळ आमचं मुलींचं वसतिगृह आहे. आदिलाबाद, बिदर, भैंशाकडच्या पोरी कॉलेजसाठी इथं येतात, त्यांच्या राहण्याजेवणाचं मंडळ बघतं. सगळं देणगीवर चालतं. गेली तीस वर्षं मी दर रविवारी पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडतोय. लाज वाटत नाही? सुरुवातीला वाटायची. पुढं मजा येऊ लागली, कारण देणाऱ्यांच्या तऱ्हा बघाव्यात तेवढ्या थोड्या! कोठीकडची जुनी दुकानदार मंडळी तासभर बसवून ठेवणार, चहा पाजणार, तुमच्या आजोबांचं गाव काढणार आणि शेवटी ‘मागच्या साली जितके दिले तितकेच लिहा’ म्हणणार — पण एक साल चुकवणार नाहीत. पुण्या-मुंबईहून आलेली कंप्युटरवाली जोडपी माझं वाक्य संपायच्या आत फोनवरून पैसे पाठवतात. वसतिगृह कुठं आहे हे मात्र विचारत नाहीत. आणि ‘साहेब घरी नाहीत’ असं साहेबांनीच आतून ओरडून सांगितलेलंही मी ऐकलंय.

जूनमध्ये वाटप असतं. कोणाला फी, कोणाला बसचा पास, पुस्तकं, चादरी. नवी पोर पहिल्या दिवशी ट्रंकेला चिकटून बसलेली असते आणि दिवाळीपर्यंत जिना दणदणवत खाली येते — हे बघायला मला आवडतं. मनापासून आवडतं. हे खोटं नाही, एवढं तरी माझ्याबद्दल लक्षात असू द्या. नाही, राहू द्या. तेही लक्षात ठेवायची गरज नाही.

तर आमच्याकडे वर्धापनदिनाला स्टेजवरून देणगीदारांची नावं वाचतात. प्रत्येकाला नारळ आणि टाळ्या. यादीच्या शेवटी एखादं ‘गुप्तदान’ असतं. तिथं वाचणारा जरा थांबतो, आणि सगळा हॉल माना वळवून एकमेकांकडे बघायला लागतो. गुप्तदान कोणाचं हे ओळखण्यात आमच्या लोकांना जेवणापेक्षा जास्त रस! मीही त्यातलाच होतो.

बारा वर्षं झाली. सुमनला जाऊन चार महिने झाले होते. वसतिगृहावर आणखी एक खोली चढवायची होती आणि काम भिंतींवर येऊन अडलं होतं. वर्धापनदिनाच्या जेवणाचं सांगायला मी विमलाक्कांकडे गेलो. विमलाक्का म्हणजे दिलसुखनगरात कोचिंग क्लासच्या पोरांना डबे देणाऱ्या बाई. माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठ्या, पण मला भाऊ म्हणतात. एक खोली, कोपऱ्यात स्वयंपाक, पिठाचे डबे आणि सहा माणसं. त्यांनी सुनेला कोथिंबीर आणायला पिटाळलं, डब्यामागून एक रुमाल काढला आणि माझ्या हातात ठेवला. आत सोन्याच्या दोन पाटल्या होत्या. वापरून वापरून कडेला झिजलेल्या.

“हे पोरींच्या खोलीला घ्या, भाऊ. पण कोणाला बोलू नका. घरात कळलं की फुकटची परेशानी. आमच्या लेकीला, शोभाला, आम्ही सातवीत शाळा सोडवून घरी बसवलं — ते अजून टोचतंय बघा.”

मी शब्द दिला. त्या क्षणी मनात दुसरं काही नव्हतं, खरंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो रुमाल मी मंडळाच्या अध्यक्षांना, जहागीरदारांना दिला. त्यांनी पाटल्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, “वहिनींच्या?”

हीच ती जागा. इथंच मी घसरलो. ‘नाही’ म्हणायला काय लागत होतं? अक्कांचं नाव न घेताही म्हणता आलं असतं — माझ्या नाहीत, दुसऱ्या कोणाच्या आहेत, बास. शब्द अक्कांचं नाव झाकायचा दिला होता, त्या जागी माझं लावायचा नव्हता. पण चार महिन्यांनी कोणीतरी सुमनची आठवण इतक्या मायेनं काढली होती. माझे डोळे भरून आले. मी म्हणालो, “नाव नको.” जहागीरदारांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाटल्या पुन्हा रुमालात गुंडाळल्या.

सुमनच्या पाटल्या कुठं होत्या म्हणाल, तर त्या तिच्याच औषधपाण्यात गेल्या होत्या. हे कोणाला माहीत नव्हतं. मीच कळू दिलं नव्हतं.

आता गंमत बघा. गुप्तदान करणारा माणूस कधी ‘मीच’ असं म्हणतो का? तो नाहीच म्हणतो. जहागीरदारांकडून कुणकुण लागलेले लोक माझा हात हातात घेऊन ‘कळलं बरं का आम्हांला’ म्हणायला लागले आणि मी ‘अहो, काहीतरीच काय’ म्हणू लागलो, तेव्हा माझा प्रत्येक नकार होकारासारखाच बसत गेला. मी जितका संकोचलो, तितका मोठा झालो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे पुष्कळ असतात. मी तर गल्ल्यावरच जाऊन बसलो. वर्धापनदिनाला ‘गुप्तदान’ म्हटल्यावर सगळा हॉल माझ्याकडे वळला. विमलाक्का मागं पंगतीची भांडी लावत होत्या. त्यांनी पाहिलं आणि पदरानं हात पुसत हसल्या. चला, गुपित नीट झाकलं गेलं, असं त्यांना वाटलं असावं. मला तसंच वाटून घेणं सोयीचं होतं.

खोली झाली. मंडळानं ठरवलं, दारावर सुमनचं नाव लावायचं. मी नको म्हणालो — पण कितीदा? एकदाच. पाटीशेजारी लावायला तिचा फोटो मागितला, तो मीच काढून दिला. चांगला, गुलाबी साडीतला.

पुढं मला वाटप समितीचा प्रमुख केलं. काम मी जीव लावून केलं. लोक पैसे द्यायचे ते माझ्याकडे बघून द्यायचे. एका खोट्यातून इतकं बरं काही निघत असेल तर कुठं बिघडलं, असंही मी कधीकधी मनाशी म्हणायचो. तुम्ही कदाचित हसून सोडून द्याल. इथपर्यंत मीही सोडलं असतं.

पण तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये एक अर्ज आला. पल्लवी, विमलाक्कांची नात. बारावीला चांगले मार्क पडले होते आणि बी.कॉम.ला जामबागेतल्याच कॉलेजात नंबर लागला होता. घरी बसून अभ्यास होत नाही, वसतिगृहात जागा मिळावी, असं तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. वेलांट्या चुकलेल्या, कारण शाळा तेलुगू-इंग्रजीतली, पण अर्ज मराठीत लिहायची जिद्द. जागा एकच उरली होती, सुमनच्या नावाच्या खोलीत. दुसरा अर्ज बिदरकडच्या एका मुलीचा होता.

समितीत पाच जण. कोणीतरी म्हणालं, आपला नियम बाहेरगावच्या मुलींचा आहे, हिचं तर शहरात घर आहे. दुसरे म्हणाले, विमलाक्का इतकी वर्षं आपल्याकडे रांधतायत, बघा काही होतंय का. हा नियम आम्ही त्याआधी दोनदा वाकवला होता. मग सगळे माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं.

मी म्हणेन तसं. ते घर त्या पाचांत फक्त मी पाहिलं होतं. त्या एका खोलीत पोरीला वही उघडायला जागा नाही, हे मला ठाऊक होतं. ज्या खोलीत तिला खाट हवी होती ती कोणाच्या पाटल्यांवर उभी आहे, हेही मलाच ठाऊक होतं. काही उघड करायची गरज नव्हती. ‘द्या तिला’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

मी म्हणालो, “नियमानं जाऊ.”

का? बिदरच्या मुलीची गरज जास्त होती म्हणून? तिची गरज खरी होती, पण त्या वेळी ती माझ्या डोक्यातही नव्हती. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की पल्लवी तिथं राहिली की अक्का नातीला भेटायला येणार. दर आठवड्याला येणार. त्या दाराशी, त्या पाटीखाली उभ्या राहणार आणि कधीतरी मी समोरून येणार. मला ते नको होतं. रोज सकाळी मी वसतिगृहात फेरी मारतो, ती मला निवांत हवी होती. त्यासाठी मी एका पोरीचं कॉलेज घालवलं. लिहिलं बघा एकदाचं.

पल्लवीनं नाव घातलं, दोन महिने घरून गेली, मग सोडलं. आता दिलसुखनगरला साडीच्या दुकानात उभी असते, सकाळी दहापासून. परवा तिथून जाताना तिनं मला हाक मारली, ‘तात्या, पाणी प्यायला या’ म्हणाली. हसतमुख पोर आहे. मी पाणी प्यायलो.

तुम्हांला वाटत असेल, याची झोप उडाली असणार. मलाही तसं लिहायला आवडलं असतं. पण नाही उडाली. मी जेवतो, झोपतो, रविवारी पावतीपुस्तक घेऊन निघतो आणि पोरी जिन्यावर दंगा करतात तेव्हा मला आनंद होतो. टोचतं, आणि मग टोचायचं थांबतं. माझी परिस्थिती अशी आहे, आणि ती सजवून सांगण्यात अर्थ नाही.

एक राहिलं. जागा नाकारल्यानंतरच्या रविवारी विमलाक्का माझ्या घरी आल्या. दोन बस बदलून, हातात अंबाडीच्या भाजीचा डबा. आता त्या बोलणार आणि मी काय उत्तर देणार, याची जुळवाजुळव मी सुरू केली होती. त्या खुर्चीच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, तुम्हांला किती अवघड गेलं असेल त्या दिवशी. समद्यांसमोर गप बसावं लागलं, ते माझ्यापायीच ना. पण शब्द पाळलात तुम्ही. आजकाल कोण पाळतंय हो.”

मी आत गेलो. चहा केला. त्यांनी अर्धा कप घेतला, उठल्या, पदर सारखा केला आणि मला काही कळायच्या आत माझ्या पाया पडायला वाकल्या. वयानं माझ्याहून मोठ्या. मी पाय मागे घेतले नाहीत.