ठेकेदाराच्या कपाटातली कार्डं

कचरा उचलणाऱ्या एका कंपनीच्या नंदुरबारच्या कार्यालयात मी हजेरीचं काम बघते. तिथे आमची आदिवासी बोली, पावरी, बोलणारी मी एकटीच. माहेर मोलगीच्या वर, डोंगरात. मराठी शिकले ती आश्रमशाळेत. एके दिवशी साहेब म्हणाले, "उद्या पुण्याच्या मुख्य कार्यालयातून मॅडम येताहेत. शेडवर मजुरांशी बोलायचंय. तुम्ही दुभाषी म्हणून चला." खरं सांगते, मला बरंच वाटलं. माझ्या भाषेचं त्या कार्यालयात आजवर कुणाला काम पडलं नव्हतं.

शहराचा सुका कचरा आम्ही स्वतः निवडत नाही. तो म्हसावदच्या रस्त्यावर एका ठेकेदाराच्या शेडमध्ये जातो. डोंगरातली दहा-बारा जोडपी तिथेच राहतात. प्लास्टिक, पुठ्ठा, काच वेगळं करतात, गठ्ठे बांधतात. गठ्ठे पुढे गुजरातेत एका मोठ्या कारखान्याला जातात. त्या कारखान्याने आता विचारलं होतं, हा माल ज्यांच्या हातून येतो ती माणसं आपल्या मर्जीने काम करतात का? बघून लेखी द्या.

लेखी तर मी दर महिन्याला देत होते. हजेरीबरोबर ठेकेदाराचा एक छापील कागद यायचा, 'कोणासही सक्तीने कामावर ठेवलेले नाही.' मी शिक्का मारून तो फाइलला लावायचे. शेड मात्र कधी डोळ्यांनी बघितली नव्हती.

ठेकेदार आदबशीर माणूस. खुर्च्या पुसून दिल्या, थंड पाणी आणलं आणि स्वतः आमच्या शेजारी उभा राहिला. मॅडम यादीतले प्रश्न वाचायच्या, मी पावरीत विचारायचे. "तुम्हाला हवं तेव्हा काम सोडून जाता येतं का?" समोरचा माणूस आधी ठेकेदाराकडे बघायचा, मग 'हो' म्हणून मान हलवायचा. चौघांनी अशीच मान हलवली. मॅडमनी चार खुणा केल्या.

पाचवी एक बाई होती, माझ्याच वयाची. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. माझं बोलणं ऐकून तिने विचारलं, "कुठल्या गावची गं तू?" मी सांगितलं. ते तिच्या आजोळाच्या शेजारचं निघालं. मग ती खाली बघत, हात न थांबवता, भराभर बोलत सुटली. गावाहून निरोप आलाय, आई अंथरुणाला खिळलीय. ठेकेदार म्हणतो, जा, पण नवरा इथे ठेव आणि कार्डही इथेच राहील. आधार कार्डं सगळ्यांची त्याच्या कपाटात आहेत, आल्या दिवशीच घेतली. आणि संध्याकाळी काम संपलं की फाटकाला बाहेरून कुलूप लागतं.

मी तोंड उघडायच्या आत ठेकेदार म्हणाला, "ती म्हणी ऱ्हायनी, सगळं चांगलं शे."

पावरीतला एकही शब्द त्याला कळत नव्हता! मॅडमचा पेन कागदावर टेकला, पाचवी खूण झाली. मला त्याचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा. इतके महिने मी कशावर शिक्के मारत होते?

"मॅडम, तिने असं म्हटलेलं नाही," मी म्हणाले आणि तिचं सगळं बोलणं मराठीत सांगितलं.

ठेकेदार हसला. "ताई, कार्डं हरपी जातस, म्हनीसन जपीसन ठेयेल शेतस. मी काय त्यासले बांधीसन ठेयेल शे का?"

"मग बाहेरून कुलूप कशाला?"

"चोर येतस ना!"

"चोर येतात म्हणून आतल्यांना कोंडायचं? प्लास्टिक आणि कागदाच्या ढिगात ही माणसं झोपतात. आग लागली तर बाहेर कोण काढणार त्यांना? तुम्ही?"

मॅडमनी पाचही खुणा खोडल्या. मग त्याला म्हणाल्या, "कपाट उघडा, आणि आमचं बोलणं होईपर्यंत रस्त्यावर गाडीपाशी थांबा."

कार्डं मिठाईच्या एका खोक्यात, रबर लावून ठेवलेली होती. मी एकेकाचं नाव वाचलं आणि कार्ड ज्याचं त्याच्या हातात दिलं. ठेकेदार नजरेआड होताच मघाशी मान हलवणारे चौघेही बोलू लागले. दुपारी ती बाई नवऱ्याला घेऊन निघाली. आमच्याच गाडीने आम्ही त्यांना तळोद्याला सोडलं, तिथून ती दोघं जीपने वर गेली. पुढे तिचा फोन आला. ती घरी पोचली तोवर आईला जाऊन सहा दिवस झाले होते. तिला मातीसुद्धा देता आली नाही. फोनवर तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच मला सहन होईना.

कार्यालयात साहेबांनी अहवालाचा मसुदा पुढे केला. त्यात लिहिलं होतं, 'कागदपत्रे जतन करण्याच्या पद्धतीत सुधारणा आवश्यक.' म्हणजे माणसं कोंडली होती, आणि आम्ही सुधारणार काय, तर कागद ठेवायची पद्धत! मी सही केली नाही. "कार्डं कुलपात होती, माणसंही कुलपात होती, असं लिहा. मग सही करते." साहेब चिडले, शेडचा ठेका मोडेल म्हणाले. पण मॅडमनी पुण्याहून पाठवलेल्या अहवालात माझंच वाक्य ठेवलं.

त्या ठेकेदाराचा ठेका गेला. दोन महिन्यांत तीच शेड त्याच्या मेहुण्याच्या नावावर पुन्हा सुरू झाली आणि कंपनीने तिलाच पुन्हा काम दिलंही. पण आता फाटकाला आतून कडी आहे. छापील कागद बंद झाला. मी दर महिन्याला न सांगता जाते, मजूर आणणाऱ्या मुकादमाला बाहेर बसवते आणि पावरीत विचारते.

मजूर कामाला जायला मुकादमाच्या जीपमध्ये बसतात तेव्हाच त्यांना गाठायला हवं, म्हणून मोलगीच्या बाजारालाही जाते. परवा तिथे एकाला सांगत होते, कार्ड कुणाच्या हातात देऊ नको, मागितलं तर मला फोन कर. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाही दिलं अन् मुकादमाने जीपमध्येच घेतलं नाही, तर काम तू देशील?"

काम देणं माझ्या हातात नव्हतं; मी त्याला माझा नंबर लिहून दिला. जीप भरली होती. तो टपावर चढला.