बाबांची हयातीच्या दाखल्यांची वही

मंडळी, आज फार दमलेय, तरी लिहिते.

सकाळी इथे बंगळुरात शिवाजीनगरला बँकेत बाबांच्या मृत्यूचा दाखला द्यायला गेले. ही तिसरी खेप. बाबांनी जन्मभर बँकेत नोकरी केली आणि काउंटरवरची मुलगी मला म्हणते, "स्वल्प वेट माडी, मॅडम," म्हणजे जरा थांबा. दीड तास बसले.

रिटायर झाल्यावरही बाबा दर नोव्हेंबरला स्कूटर काढून म्हाताऱ्या पेन्शनरांच्या घरी जायचे. पेन्शन चालू राहायला हयातीचा दाखला लागतो ना, त्यासाठी मशीनवर त्यांचा अंगठा घ्यायचे. माझ्या सुट्टीच्या दिवशीही घरात नाहीत म्हणून मी चिडायची. पण निघण्याआधी आईचा चहा करून ठेवायला ते कधी विसरले नाहीत.

बँकेतून बाहेर पडते तोच माझ्या पर्समधला बाबांचा फोन वाजला. हेब्बाळच्या अक्का, वय पंच्याऐंशी.

"अण्णा, यंदा दाखल्याला कधी येताय? मी अजून आहे हं!"

त्यांना काही कळलंच नव्हतं. मला सांगवेना. "अक्का, मी त्यांची मुलगी. उद्या मीच येते," एवढंच म्हटलं.

घरी येऊन बाबांची वही काढली. सतरा नावं, पत्ते. अक्कांच्या नावापुढे लिहिलंय, 'बेल ऐकू येत नाही, खिडकी वाजवणे.'

उद्या खिडकी वाजवून त्यांना काय सांगू? सुचलं तर लिहा.

आईला आता फॅमिली पेन्शन सुरू होईल. म्हणजे दर नोव्हेंबरला तिचाही दाखला. मघाशी वहीत अठरावं नाव लिहिलं, माझ्या अक्षरात.