आत्याचा फोटो रंगीतच राहील

आज सकाळी आमची आत्या गेली.

आणि तिचा फोटो मी ब्लॅक अँड व्हाइट करणार नाही.

तिचा मुलगा, सुधीरदादा, मुंबईहून निघालाय. वाटेतूनच मेसेज, "पोस्टला आणि भिंतीवर लावायचा फोटो ग्रे करून घे. माणूस गेलंय, जांभळी साडी आणि डोक्यात अबोली बरी दिसते का?"

दादा, आई तुझी आहे. राग मानू नकोस. पण नाही.

आत्या पूर्णगडच्या शाळेत चित्रकला शिकवायची. त्याआधी, कॉलेजात असताना, बोटीवर नोकरीला असलेल्या तिच्या मामाने तिला कॅमेरा आणि रंगीत स्लाइडचा एक रोल आणून दिला. आमच्या आळीत तोवर रंगीत फोटो कोणी बघितलाच नव्हता.

फोटो काढणार म्हटल्यावर बायका फिकट पातळं नेसून, पावडर थापून हजर!
गडद रंग फोटोत काळे येतात, हे स्टुडिओवाल्याने सगळ्यांच्या डोक्यात भरवलेलं.

आत्या ओरडली, "अगो, हा रंगीत रोल आहे! जा, रोजचं नेसून या!"

एकही हलली नाही.

फक्त तिची आई, म्हणजे माझी आजी, तयार होऊन आलीच नव्हती. मागच्या अंगणात कोकमासाठी रातांबे फोडत बसली होती. आत्याने तिचा फोटो तिथेच काढला.

पुढच्याच वर्षी आजी गेली. बाबा तेव्हा एवढेसे.

भिंतीवर लागला तो स्टुडिओतला ब्लॅक अँड व्हाइट फोटो. ताठ बसलेली, न हसणारी, राखाडी बाई. बाबांना आई म्हणजे तीच.

स्लाइडचा डबा आत्याने पेटीत टाकला. तिला ते बघवायचं नाही. काही वर्षांपूर्वी मात्र स्वतःच माझ्या हातात दिला. "बुरशी खाईल. त्याआधी कर काय ते."

स्कॅन करून लॅपटॉपवर लावलं.

हिरवंगार लुगडं. मनगटापर्यंत लाल झालेले हात. नाकावर घाम.
आणि हसतेय. माझ्याहूनही लहान वाटणारी.

बाबा बघतच राहिले. आत्याला म्हणाले, "आक्का, आई एवढी तरुण होती?"

"मग? तुला काय वाटलं, तेव्हा ऊन पडत नव्हतं?"

त्या दिवसापासून जुना फोटो बघितला की मी आधी विचार करते, ही साडी कुठल्या रंगाची असेल? त्या माणसांना आपण उगाचच म्हातारी आणि गंभीर करून ठेवलंय. त्यांच्याकडे सगळे रंग होते. फिल्म गरीब होती.

आत्ता दादाचा फोन आला. मी भांडायच्या तयारीतच होते.

बाबांनी फोन मागून घेतला.

"सुधीर, माझ्या आईला मी उभा जन्म राखाडी बघितली. तू तुझ्या आईची तशी गत करू नको."

पलीकडून रडणं ऐकू आलं.

"नको मामा. आहे तसाच लावा."

लावलाय. सगळ्यांनी बघा, आणि तिला हात जोडा.

आत्या, ये हो. मनापासून निरोप.